आत्येनं चांगलं म्हटलं

लेसिएलीला अगदी लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मेलेआने आत्या घरी आली की चांगल्या वस्तू लपवायच्या नसतात, कारण लपवलेलं आत्येला कळतं. आत्या कधी काही मागत नसे. ती दारात उभी राहून घरावर एक नजर फिरवायची आणि एखाद्या चटईला, कोंबडीला, दिव्याला "चांगलं आहे गं" म्हणायची. मग लेसिएलीची आई ती वस्तू उचलून दोन्ही हातांनी पुढे करायची.

"न्या वन्सं. तुमचंच आहे."

बापाची बहीण ती. भावाच्या घरातल्या मिठापासून पोरांपर्यंत सगळ्यावर तिचा हक्क. त्या हक्काला टोंगाच्या बेटांवर फाहू म्हणतात, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. निदान मोठ्यानं करत नाही. आत्या दुखावली की भाचीचं बाळंतपण अडतं. लेसिएलीचं पहिलं बाळंतपण दोन दिवस अडलं होतं, तेव्हा मेलेआनेला बोलावून आणावं लागलं. तिनं पोटावरून हात फिरवला, "माझ्या मनात काही नाही" म्हणाली, आणि तासाभरात मुलगी झाली. जाताना आत्येनं बाळंतिणीच्या अंगाखालची मऊ चटई चांगली आहे म्हटलं.

लेसिएलीचा बाप नेइआफू बंदराच्या धक्क्यावरून बोटीत चढला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि धाकटा सिओसाइआ आईच्या कडेवर होता. न्यूझीलंडच्या कारखान्यात सहा महिन्यांचं काम होतं. पहिल्या वर्षी पैसे आले. दुसऱ्या वर्षी एक फोटो आला, त्यात तो दुसऱ्याच कुणाच्या अंगणात, दुसऱ्याच कुणाच्या पोराला खांद्यावर घेऊन उभा होता.  आईनं, एसेतानं, तो फोटो बाजूला ठेवला, नारळाच्या पातीचे हीर काढले, तासून बारीक केले आणि नक्षीचा एक ठसा शिवायला घेतला.

झाडाच्या सालीच्या कापडावर नक्षी उमटवायची ती अशाच ठशावरून. ठसा लाकडाच्या लांब पाटावर बांधायचा, त्यावर कापड ताणायचं आणि रंगाच्या बोळ्यानं घासायचं, की खालचे हीर वर उमटतात. एसेतानं शिवला तो धक्का होता. खांबामागून खांब, आणि प्रत्येक खांबाला गुंडाळलेला दोर. शेवटून तिसरा खांब तेवढा मोकळा.

"इथला दोर विसरलीस एसेता," शेजारणी म्हणाल्या.

"विसरले नाही. सुटलाय तो."

त्यानंतर गावात लग्न असो की मयत, बायका तो ठसा मागून न्यायच्या आणि पुसून परत आणून द्यायच्या. एसेता वारली तेव्हा तो लेसिएलीकडे आला. चटयांच्या गुंडाळीत घालून आढ्याला टांगलेला असायचा. मेलेआने आत्येनं मात्र पन्नास वर्षांत त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. भावाची लाज तिलाही होतीच.

लेसिएलीचा स्वतःचा नवरा कुठे गेला नाही. तो सकाळी रताळ्याच्या मळ्यात जायचा, संध्याकाळी मुळांचा गुंगी आणणारा कावा प्यायला जायचा आणि घरी यायचा. कमी बोलणारा माणूस. मुलगी सिडनीला गेली, तिकडेच लग्न केलं. लेसिएलीचं आयुष्य खरं गेलं ते गावच्या छपरीत, ओंडक्यासमोर मांडी घालून. तुतीच्या झाडाची आतली पांढरी साल मोगरीनं ठोकून ठोकून चार बोटांची पट्टी हातभर रुंद करायची. पाच बायका, पाच मोगऱ्या. घरी बसल्या बसल्यासुद्धा कोण आलंय आणि कोण नाही ते गावाला आवाजावरून कळायचं. सुरुवात लेसिएली करायची, मग बाकीच्या तिच्या ठोक्यात आपला ठोका मिसळायच्या. पाचवी मोगरी तेमालेतीची, सिओसाइआच्या मुलीची. वयानं सगळ्यांत लहान, पण हात असा की साल तिच्याकडे बघून मऊ व्हावी. लेसिएली हे मनात म्हणायची. तोंडानं कधी म्हणाली नाही. ती तेमालेतीची आत्या होती.

ब्रिजेट ऑकलंडहून आली तेव्हा मेलेआने आत्येच्या घरी उतरली, कारण गावात मोठं घर तेच. चाळिशीची, सडसडीत, उन्हानं नाक सोललेली. घराच्या शोभेच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीची ती डिझायनर. तिला सालीच्या कापडाच्या दिव्याच्या टोप्या, उशांचे अभ्रे आणि वह्यांची वेष्टनं करायची होती. झाडाला, पाण्याला, मातीला कशालाच इजा न करणारी वस्तू, असं ती सांगायची. भाषा ती पुस्तकातून शिकून आली होती आणि कुणाचा अपमान होऊ नये म्हणून सगळ्यांना राजघराण्यातल्यासारखं बोलायची. अंगणात घुसलेल्या डुकरालाही "आपण बाहेर जावं" म्हणायची. डुक्कर जायचं नाही.

"नवऱ्याला आणून हे बोलणं शिकवून घेते हिच्याकडून," कालो म्हणाली. कालो छपरीतली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तोंडाळ.

ब्रिजेटनं नमुने मागितले. एवढ्या लांबून आलेली पाहुणी, तिला साधंसुधं कसं द्यायचं? बायकांनी लग्नाच्या आहेराला करतात तसं केलं. कापडाच्या पाठीला दुकानातलं पांढरं अस्तर लावलं, जे कधी फाटत नाही. पदरचे पैसे घालून आणलं. ब्रिजेटनं तुकडा उलटा केला आणि तिचा चेहरा उतरला.

"हे प्लास्टिक आहे."

"हो ना," कालो कौतुकानं म्हणाली. "तुमच्या ऑकलंडहूनच येतं."

सगळे नमुने परत गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी आपलं रोजचं केलं, कसाव्याच्या कंदाच्या खळीनं चिकटवलेलं. सालीला जिथे भोक पडलं होतं तिथे ठिगळं लावली. ठिगळ दिसू नये म्हणून बायका ते किती बारीक डकवतात. ब्रिजेटनं ते उजेडात धरलं आणि तिचे डोळे भरून आले.

"ही ठिगळं किती सुंदर आहेत."

"कुठायत ठिगळं?" कालोचा चेहरा लाल झाला.

पुढल्या मागणीच्या कागदावर लिहून आलं की प्रत्येक तुकड्यावर निदान एक ठिगळ असावं.

"आणि भोक नसलं तर?" तेमालेतीनं विचारलं.

"तर पाड," लेसिएली म्हणाली.

"माझी सासू जन्मभर माझ्या ठिगळांना नावं ठेवत मेली," कालो म्हणाली. "थोडी थांबली असती तर."

त्या दिवशी छपरीत पाचही जणी हसून हसून लोळल्या. पैसे वेळेवर येत होते. ब्रिजेट खोटं बोलत नव्हती, घासाघीस करत नव्हती. तिच्याबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं सांगायला अवघड जातं.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मेलेआने आत्या ब्रिजेटला घेऊन लेसिएलीच्या घरी आली. पन्नास वर्षांत तिनं जे केलं नव्हतं ते केलं. बाकावर बसली, मान वर केली आणि आढ्याकडे बोट दाखवलं.

"तो धक्का काढ बघू खाली. हिला दाखवायचाय."

लेसिएलीनं गुंडाळी उतरवली. ब्रिजेट गुडघ्यांवर बसली, ठशाला हात न लावता त्याच्यावरून हात फिरवत राहिली, जसा माणसं झोपलेल्या बाळावरून फिरवतात. आत्या ब्रिजेटच्या तोंडाकडे बघत होती. भावाची लाज एवढ्या लांबच्या बाईला इतकी आवडते म्हटल्यावर ती लाज राहिली नव्हती.

"चांगलं आहे गं," आत्या म्हणाली.

लेसिएलीला ऐकू आलं. बाहेर कुणीतरी नारळ फोडत होतं, तेही ऐकू आलं. तिनं कमरेच्या वस्त्राला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"न्या आत्या. तुमचंच आहे."

आत्येनं तो तिथल्या तिथे ब्रिजेटच्या हातात दिला. ब्रिजेट घाबरली. "नको, नको, फक्त महिनाभर. छाप घेते आणि परत पाठवते." लेसिएलीकडे वळून तिनं तिचा हात हातात घेतला. "आपली संमती आहे ना?"

"आहे," लेसिएली म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? आत्या समोर बसलेली.

महिना गेला, पाऊस गेला. पुढच्या वर्षी ब्रिजेट आली ती सगळ्यांसाठी एकेक उशी घेऊन. सुती कापड, त्यावर छापलेला धक्का. साल नव्हती, कुणी ठोकलं नव्हतं. कुठल्या तरी तिसऱ्याच देशात यंत्रावर छापलं होतं, पण रंग झाडपाल्याचे होते, ते तिनं दोनदा सांगितलं. उशीला जाड कागदाची एक चिठ्ठी लटकत होती. चिठ्ठीवर फोटो होता मेलेआने आत्येचा, ओंडक्यापाशी बसलेली, हातात मोगरी.

"अगंबाई," कालो म्हणाली, "हिला मोगरी कुठल्या बाजूनं धरायची ते कुणी सांगितलं?"

लेसिएली खांब मोजत होती. शेवटून तिसऱ्याला दोर होता.

"इथे दोर आहे," ती म्हणाली.

"हो," ब्रिजेट खूश झाली. "मूळ ठशातून एक दोर निसटला होता. आम्ही तो दुरुस्त करून घेतला."

"निसटला नव्हता."

ब्रिजेटनं लगेच वही काढली. "मग? सांगा ना आपण. यामागे काही गोष्ट आहे का? लोकांना गोष्ट फार आवडते."

लेसिएलीनं त्या वहीकडे पाहिलं. वही चांगली होती, वेष्टन सालीच्या कापडाचं, कोपऱ्यात एक ठिगळ.

"काही नाही," ती म्हणाली. "विसरली असेल आई."

हे शब्द तोंडातून गेले आणि तिला वाटलं, बापानंतर आज आपणही आईला धक्क्यावर उभं सोडून आलो. पण ती गोष्ट त्या चिठ्ठीवर आत्येच्या फोटोखाली छापून येण्यापेक्षा हे बरं. ठसा कुठे आहे, विचारल्यावर ब्रिजेट म्हणाली की तो काचेत बसवून कंपनीच्या दालनात लावलाय, तिथे हवा कोरडी असते. इथे उंदरांनी खाल्ला असता.

त्या संध्याकाळी ती आत्येकडे गेली. "आत्या, ठसा माझ्या आईचा होता."

आत्या उशीला टेकून बसली होती, त्याच उशीला. "खांब तुझ्या आईनं शिवले. आणि सोडून गेला तो माणूस कुणाच्या घरचा होता? रडले नव्हते मी? तिनं रडून नक्षी केली, मी नुसतीच रडले. मग माझं काही नाही त्यात?"

लेसिएली उठून निघाली. घरी येताना उत्तर सुचत होतं, पण तेही अर्धंच.

आत्या त्याच वर्षी गेली. भावाची लेक म्हणून लेसिएली त्या मयतात सगळ्यांत खालच्या मानाची. तिनं चालीप्रमाणे केस कापले, गुडघ्याखाली येणारी फाटकी जुनी चटई कमरेला बांधली आणि तीन दिवस मागच्या अंगणात धुरात बसून रताळी सोलली. प्रेताजवळ जायची तिला मुभा नव्हती. तिनं नेलेलं पन्नास हातांचं कापड पुढे आहेराच्या ढिगात गेलं. ऑकलंडहून आलेलं छापील कापड त्याच्यावर पसरलं होतं, हे तिला कालोनं येऊन सांगितलं.

"तुझं खाली दिसतंय थोडं," कालो म्हणाली. "कडेनं."

आता घराण्यात आत्या म्हणून लेसिएलीच उरली होती.

मयताला वर्ष होत आलं तेव्हा तेमालेतीला सातवा महिना होता. ओंडक्यासमोर वाकवत नव्हतं, म्हणून ती दुपारची घरी बसून काहीतरी शिवायची. काय, ते सांगायची नाही. लेसिएली एकदा निखाऱ्यावर भाजलेलं विलायती फणसाचं फळ घेऊन भावाकडे गेली, तर ओट्यावर ब्रिजेट बसलेली. आदल्याच दिवशी आली होती. दोघींच्या मध्ये नवाकोरा ठसा.

गावामागच्या डोंगरावर मोबाइलचा मनोरा उभा राहिला होता, तो होता त्यात. वर आडवे दांडे, आणि दांड्यांना ओळीनं लटकलेली वटवाघळं. पोरीनं हीर इतके बारीक तासले होते की पंखांच्या शिरा दिसत होत्या. एक वाघूळ सरळ बसलेलं, डोकं वर करून. लेसिएलीनं ते पाहिलं आणि तिला हसू आलं. मग हसू गेलं, कारण ब्रिजेट पिशवीत कॅमेरा शोधत होती.

"आत्या, बघा ना," तेमालेती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "दोन महिने लागले. कसं झालंय?"

ब्रिजेट म्हणाली, "मला वाटतं याच वर्षी आपण..."

कॅमेरा निघाला. लेसिएलीला विचार करायला तेवढाच वेळ होता, आणि तिच्याजवळ सबंध आयुष्यात एकच हत्यार होतं. ते तिनं कधी वापरलं नव्हतं.

"चांगलं आहे गं," ती म्हणाली.

तेमालेतीचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातलं सगळं निघून गेलं. तिचा एक हात पोटावर गेला. मग तिनं ठसा उचलला, दोन्ही हातांनी.

"न्या आत्या. तुमचंच आहे."

"म्हणजे आता...?" ब्रिजेट एकीकडून दुसरीकडे बघत होती. "लेसिएली, मग आपल्याकडून मी..."

"नाही. हा माझा आहे. मी कुणाला देत नाही. फोटोही नाही."

तेमालेती चालीप्रमाणे आत्येला फाटकापर्यंत सोडायला आली. लेसिएली हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठीच घेतला गं. ती जाऊ दे, परत आणून देते."

"जपून ठेवायला घेतलात?"

"हो."

"त्यांनीही जपूनच ठेवलाय तुमचा. काचेत."

"तेमालेती, मी आणि ती सारख्या का?"

"मी काही म्हटलं का आत्या?" पोरगी जमिनीकडे बघत म्हणाली. "मला सातवा चालू आहे. मी काही म्हणत नाही."

ब्रिजेट गुरुवारी गेली. शुक्रवारी सकाळी लेसिएली ठसा घेऊन भावाच्या दारात. सिओसाइआ ओट्यावरून उठला आणि आडवा उभा राहिला. 

"ताई, तो आत आणू नकोस. आत्येला दिलेलं परत घ्यायचं, तेही पोर पोटात असताना? पहिलं गेलंय तिचं, विसरलीस?"

"मी आत्या आहे. मीच परत देतेय."

"तुझ्या मनात नसेल काही. पण ते तुझ्या मनावर असतं का?"

दाराआड तेमालेती उभी होती, तिचे पाय दिसत होते. ती बाहेर आली नाही.  भाचीनं ठसा घेतला नाही तरी निदान रागानं दोन शब्द बोलायला हवे होते, असं लेसिएलीला वाटलं. मग ती ठसा घेऊन वळली. घरी येऊन चटईत गुंडाळून आढ्याला टांगला. आईच्या ठशानं काळपट झालेली दोरी तिथे अजून होती.

सोमवारी छपरीत चार मोगऱ्या वाजल्या. दिवस भरत आलेत, कोण येतंय, असं सगळ्या म्हणाल्या. कालो काही म्हणाली नाही, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. नंतर एक दिवस ती म्हणाली, "वापरून तरी टाक. वर टांगून काय पिकवायचाय?"

"मी कशी वापरू?"

"मग घेतलास कशाला?"

मुलगा झाला तो पहाटे, दोन तासांत, सुईण येऊन पोचायच्या आधी. इतकं सोपं बाळंतपण त्या घरानं पाहिलं नव्हतं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सिओसाइआ ज्याला त्याला सांगत होता, पोरीनं आत्येचं मन राखलं म्हणून सुटली. बायका लेसिएलीकडे बघून माना हलवत होत्या. पाद्रीबुवांनी तिचा हात हातात घेतला. ती नाही कशी म्हणणार? आणि हो तरी?

दहाव्या दिवशी ती बाळासाठी सालीचं कापड घेऊन गेली, बिननक्षीचं, नुसतं पांढरं. खोली माणसांनी भरलेली होती. तेमालेती भिंतीला टेकून बसली होती, केस नीट विंचरलेले, चेहरा धुतलेला. आत्येला पाहिल्यावर ती उठली. तिनं बाळ दोन्ही हातांवर घेतलं आणि पुढे केलं.

"न्या आत्या. तुमचंच आहे."

असं म्हणायची चालच आहे. सगळे हसले. कालो तेवढी हसली नाही.

लेसिएलीनं बाळ घेतलं. गरम होतं, जड होतं, मुठी आवळून झोपलेलं. बोटं लांब होती, आईसारखी. मोगरी धरायला चांगली, असं तिच्या मनात आलं. खोली वाट बघत होती. सिओसाइआ वाट बघत होता. तेमालेती तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती, जसं कुणी दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतं.

लेसिएलीनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"केस फार आहेत," ती म्हणाली, आणि बाळ परत दिलं.